पिवळ्या वस्तीची उंची

उलटे जग बघण्यात जिचा जन्म गेला, अशी मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. चंद्र-तारे दाखवणारी नव्हे, जमिनीची उंची मोजणारी. कागदोपत्री माझे नाव पातळीयंत्र. पण ज्यांनी मला खांद्यावर वाहिले त्यांनी मला दुर्बीणच म्हटले. माझ्या काळात भिंगे अशी बसवत की समोरचा माणूस डोके खाली, पाय वर असा दिसे. नवखे लोक पहिल्यांदा डोळा लावून दचकत. महिनाभरात सवय होई, मग कुणाला त्याचे काही वाटत नसे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एकाने माझे पितळ ओतले, दुसऱ्याने भिंग घासले. एका म्हाताऱ्या बाईने माझ्या नळीत कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा आडवा ताणून बसवला. तो बसवताना ती श्वास रोखून धरी. त्या धाग्याची रेघ ज्या आकड्यावर पडेल तो आकडा वहीत लिहायचा, एवढेच माझे काम.

मात्र एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. मला एकटीला कुठल्याही जागेची खरी उंची कळत नाही. ही जागा त्या जागेपेक्षा किती वर किंवा किती खाली, एवढेच मी सांगू शकते. खरी उंची सांगतो दगड. जागोजागी असे दगड रोवलेले असतात आणि समुद्रापासूनची उंची त्यांच्यावर कोरलेली असते. मोजणी तिथून सुरू होते. आमच्या लोकांत एक वाक्य फार चाले: माणूस चुकेल, दुर्बीण चुकेल, दगड चुकत नाही. दगडावर शंका घेणे म्हणजे स्वतःच्या आईकडे जन्मदाखला मागण्यासारखे होते.

माझी सगळ्यात चांगली वर्षे बाईंबरोबर गेली. बाई तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. उन्हात रापलेल्या, हट्टी, आणि वहीत खाडाखोड दिसली की दिवसभर स्वतःवर चिडणाऱ्या. त्यांच्यासमोर आकडे रंगवलेली उंच लाकडी पट्टी धरून उभे राहायचे ते मामा. पट्टी धरणे सोपे वाटते, पण ती जराशी कलली की आकडा वाढतो आणि सगळी मोजणी पाण्यात जाते. मामांची पट्टी कधी कलली नाही. नाकावर माशी बसली तरी ते हलत नसत.

मामा नदीकाठच्या खालच्या वस्तीत राहत. वस्तीतला एकुलता एक दगड तिथल्या पुलाच्या कठड्याशी होता, आणि त्याची उंची बाईंनी आणि मामांनीच माझ्याकडून मोजून घेतली होती. ते काम चालले असताना मामी रोज डबा घेऊन येत आणि बाईंशेजारी बसून मामांची टर उडवत.

"आमच्या यांना घरात पाच मिनिटं उभं राहायला सांगा, लगेच कंबर धरतात. तुमच्यापुढे मात्र दिवसभर खांब."

मामा हसत नसत, कारण हातात पट्टी असे. बाई मात्र इतक्या हसत की त्यांचा डोळा माझ्यावरून सुटे आणि आकड्याचे वाचन पुन्हा घ्यावे लागे.

पुढे नवी यंत्रे आली. विमानातून मोजणारी, उपग्रहाकडून आकडे घेणारी. मी गोदामात गेले. माझ्या पेटीवर फायली आल्या, फायलींवर फुटका पंखा आला. कोपऱ्यात किती वर्षे गेली ते मी मोजले नाही. पितळेवर हिरवट डाग पडले. मामा निवृत्त झाले आणि बाई एकेक पायरी वर चढत गेल्या.

मग राज्यभरातल्या मोजणीवाल्यांची आणि नकाशेवाल्यांची सल्लागार परिषद स्थापन झाली. तिचे पूर्ण नाव वाचताना शिपायाला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागे. बाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्यांनी मला गोदामातून शोधून काढले, स्वतःच्या हातांनी पुसले आणि बैठकीच्या खोलीत आपल्या खुर्चीमागच्या काचेच्या कपाटात ठेवले. मला वाटले, माझे दिवस फिरले.

त्या लांब टेबलाभोवती बारा सभासद बसत. मोजणीवाले, विमानवाले, उपग्रहवाले, प्राध्यापक. बाराजणांची तोंडे बारा दिशांना. एका खात्याच्या नकाशात नदी असे तिथे दुसऱ्या खात्याच्या नकाशात शेत असे, आणि दोघेही आपलाच नकाशा छातीशी धरून बसत. बाईंनी त्यांना दोन वर्षे गोंजारले, दटावले, प्रसंगी खोलीचे दार आतून लावून घेतले आणि एका नकाशावर आणले. उपाध्यक्ष हे पडद्यावर चित्रे दाखवण्यात वाकबगार होते, म्हणून शिपाई त्यांना पाठीमागे पडदासाहेब म्हणे. तेसुद्धा एकदा बोलून गेले की हे दुसऱ्या कुणाला जमले नसते. ते खरे होते.

परिषदेचे पहिले मोठे काम होते पुराचा नकाशा. नदी फुगली तर कुठल्या वस्त्या बुडतील त्या लाल, आणि ज्या वाचतील त्या पिवळ्या. विमानातून मोजणी झाली, जमिनीवरच्या दगडांच्या आकड्यांशी ती जुळवून घेतली गेली, आणि सोमवारच्या बैठकीत मंजुरी व्हायची होती. खालची वस्ती पिवळी होती.

त्याच्या आधीच्या गुरुवारी दुपारी मामा आले. धुतलेला सदरा, हातात टोपी. बाईंनी त्यांना समोर बसवले आणि चहा मागवला. मामांनी आधी कपाटातल्या माझ्याकडे पाहिले, मग बाईंकडे.

"बाई, आमच्या पुलाजवळचा दगड हललाय."

"कुणी हलवला?"

"रस्ता रुंद केला ना, तेव्हा. रस्तावाल्यांनी दगड काढला आणि नंतर पुन्हा रोवला. बिचाऱ्यांनी वर चुनाही लावलाय. पण खाली बसवलाय."

"हलवताना पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं नाही. पण त्या दगडावर मी पट्टी धरलेली आहे. तिथे उभं राहिलं की पुलाचा कठडा मला कमरेला लागायचा. आता खांद्याला लागतो."

बाईंनी मान वळवून मागे माझ्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा मला कपाटाच्या काचेतून दिसत होता आणि मी सांगते, त्यांना पटले होते. दगड खाली गेला आणि त्याच्यावरचा आकडा तोच राहिला, तर त्या आकड्यावरून मोजलेली सगळी वस्ती कागदावर हातभर वर जाते. हे बाईंना मामांनी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मामा, सोमवारी मंजुरी आहे. आज मी एका दगडासाठी थांबले, तर उद्या बाराजण बारा दगड घेऊन येतील. दोन वर्षांचं सगळं मोडेल. आणि पावसाच्या आत नकाशा गेला नाही, तर लाल वस्त्यांनाही कुणी हलवणार नाही."

"अर्ध्या दिवसाचं काम आहे, बाई. तुम्ही नका येऊ, कुणाला तरी पाठवा."

"पावसानंतर मी स्वतः येते. शब्द देते."

मामांनी टोपी डोक्यावर ठेवली. "तुम्ही म्हणता तर ठीक," म्हणाले आणि गेले. चहा तसाच राहिला. बाईंनी एका चिठ्ठीवर 'पूल, दगड, पावसानंतर' असे लिहिले आणि ती फाईलमध्ये सरकवली. सोमवारी नकाशावर त्यांची सही झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बसल्या खुर्चीत, आणि त्यांच्या पाठीमागे मी, शोभेची वस्तू.

पूर दुसऱ्याच महिन्यात आला. त्या दिवशी सकाळपासून टेबलावरचे फोन वाजत होते. लाल वस्त्यांमधून भोंगे लावलेल्या गाड्या फिरत होत्या आणि माणसांना उचलून उंचावर नेत होत्या. त्या गाड्या नकाशा बघून जात, म्हणून पिवळ्या वस्तीत एकही गेली नाही. नकाशाच्या हिशेबाने पाणी तिथल्या उंबरठ्यांच्या खाली थांबायला हवे होते. ते घरांत शिरले, आणि लागलीच मागून लोंढा आला. अकरा माणसे गेली. दुपारी तीनच्या सुमाराला बाईंना नावे वाचून दाखवली गेली. चौथे नाव मामींचे होते. बाईंनी फोन ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

आठवड्याने चौकशीचे पत्र आले. पडदासाहेब उत्तराचा मसुदा घेऊन आले. ते वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. त्यांचा आवाजही हळू होता.

"मॅडम, त्या दगडाच्या मूळ मोजणीची जुनी वही आहे. तीत पट्टी धरणाऱ्याची सही आहे. 'पट्टी तिरकी धरली गेली असावी,' एवढं एकच वाक्य घालू. परिषद वाचते, तुम्ही वाचता. तुम्ही गेलात तर हे बाराजण पुन्हा बारा नकाशे काढतील, आणि मग किती माणसं जातील?"

"आणि मामांचं काय?"

"ते निवृत्त आहेत. त्यांचं आता काय बिघडणार?"

"मसुदा ठेवून जा," एवढेच बाई म्हणाल्या.

मित्रांनो, तो कागद दोन दिवस माझ्यासमोर पडून होता आणि बाईंनी तो फाडला नाही. मला त्यांचा राग आला. ज्या हातांनी मला पुसले त्या हातांचा राग येणे फार कठीण असते, पण आला. तिसऱ्या दिवशी सकाळी कपाटाची किल्ली फिरली. त्यांनी मला पेटीत ठेवले, तिपाई खांद्यावर घेतली आणि कुणालाही न सांगता निघाल्या.

वस्तीतली उरलेली माणसे टेकडीवरच्या शाळेत राहत होती. शाळेच्या पायरीशी दुसरा जुना दगड होता, जागचा न हललेला. मामा बाहेर कट्ट्यावर बसले होते. दाढी वाढलेली, पायांत कुणाच्या तरी मोठ्या चपला. बाईंनी पेटी खाली ठेवली.

"मामा, ते लिहिणार आहेत की तेव्हा तुमची पट्टी तिरकी होती."

मामांनी पेटीकडे पाहिले. "तुम्ही लिहिणार आहात?"

"दोन दिवस तो कागद माझ्यापुढे आहे. मी नाही म्हटलेलं नाही अजून. म्हणून आले."

मामा उठले. बाईंच्या गाडीतून त्यांनी पट्टी स्वतः काढली. शाळेच्या दगडापासून आम्ही निघालो आणि टप्प्याटप्प्याने पुलाकडे उतरत गेलो. वाटेत चिखल होता, भांडी होती, एक पाळणा कुंपणाला अडकला होता. बाई वाचन घेत, वहीत लिहीत आणि हात वर करत. मग मामा पट्टी उचलून पुढे जात. माझ्यातून ते मला नेहमीसारखेच दिसत होते, डोके खाली, पाय वर, आणि पट्टी सरळ.

शेवटी मामा पुलाजवळच्या त्या चुना लावलेल्या दगडावर पट्टी ठेवून उभे राहिले. कठडा त्यांच्या खांद्याला लागत होता. बाईंनी डोळा लावला आणि तेव्हा मामा बोलले.

"मी निघू म्हणत होतो. पाणी वाढताना दिसत होतं. ती म्हणाली, कशाला? नकाशावर बाईंची सही आहे."

बाईंचा डोळा माझ्यापाशीच होता. भिंगावर पाणी आले आणि आकडे पुसट झाले. मामांची पट्टी तसूभरही हलली नव्हती.

"घ्या वाचन," मामा म्हणाले.

बाईंनी भिंग पदराने पुसले आणि वाचन घेतले. फरक हातभराला दोन बोटे कमी. सकाळी नवाला सुरू केलेले काम दुपारी एकच्या आत संपले होते.

दुसऱ्या दिवशी परिषदेच्या बैठकीत बाईंनी पडदासाहेबांचा मसुदा बाजूला ठेवला आणि उभ्याने स्वतःचा कागद वाचला. "दगड हलला होता. पट्टी सरळ होती. ती धरणाऱ्या माणसाने मंजुरीच्या चार दिवस आधी या खोलीत येऊन मला हे सांगितले होते. मला ते पटले होते, आणि तरी मी सही केली." शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा वाचले. मग ती चिठ्ठी, 'पूल, दगड, पावसानंतर', टेबलावर ठेवली आणि खुर्ची सोडली.

परिषद मोडली नाही. पडदासाहेब अध्यक्ष झाले आणि त्यांनी सगळे दगड तपासण्याचा हुकूम काढला. राज्यभरात त्रेचाळीस दगड हललेले निघाले. खालची वस्ती आता नकाशावर लाल आहे, पण तिथे कुणी राहत नाही. बाईंची चौकशी अजून चालू आहे. त्या दर महिन्याला शाळेवर जात असत. मामा त्यांना बसायला जागा देत, पाणी देत, आणि काही बोलत नसत. मग बाईंनी जाणे थांबवले, असे शिपायाकडून कळले.

मी पुन्हा गोदामात आहे. नव्या अध्यक्षांना मी कपाटात नको होते, आणि त्यांचेही बरोबर आहे. माझ्या पेटीवर आता त्रेचाळीस दगडांच्या फायली आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पुसा, तेल घाला, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला गंज चढला तरी कुणाचा जीव जात नाही. पण तुमच्यातले कुणी उद्या मोठ्या खुर्चीत बसेल. तुमचा हेतू चांगला असेल, हाताशी वेळ थोडा असेल, आणि दारात एखादा म्हातारा टोपी हातात घेऊन उभा राहील. तो जे सांगेल ते तुम्हाला पटेल आणि नेमके अडचणीचे वाटेल. तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवू नका. त्याच दिवशी त्याच्याबरोबर जा. बाईही गेल्या, पण मामी गेल्यानंतर गेल्या. तेव्हा मोजायला दगड होता. वाचवायला कोणी उरले नव्हते.