बांधाचं दूध

काय ती गर्दी! माझ्या धाकट्या भावाचं तळं मातीच्या बांधानं अडवलेलं. त्या बांधाच्या पायथ्याशी शंभरेक माणसं बाटल्या घेऊन उभी. मातीतून पांढरं पाणी झिरपत होतं आणि शेजारी खुर्ची टाकून एक बाबा बसलेला.

"धरणीमातेला पान्हा फुटलाय! गुडघे, डोळे, मूळव्याध, सगळ्यावर एकच औषध! दूध प्या, माती लावा, शंका घेऊ नका. शंकेनं दूध नासतं!"

लोक बाटल्या भरायचे आणि झऱ्याच्या तोंडाची माती चिमूट चिमूट खरवडून न्यायचे.

खरं सांगतो, माझा जळून कोळसा झाला. बांध मी घातलेला. तीन महिने धुम्मस मारून माती ठोकली, पाठ कामातून गेली. लोक मात्र यायचे ते धाकट्याची बदकं बघायला. आता तर देवच त्याच्या दारात!

पण मातीकाम करणाऱ्याला गढूळ गळती म्हणजे धोक्याची घंटा. नितळ पाणी पाझरलं तर एकवेळ चालतं. गढूळ आलं म्हणजे बांध आतून वाहून चाललाय. आणि खाली धाकट्याचं घर.

मी सांगितलं, तर तो हसला. "दादा, तू माझ्या बदकांवरसुद्धा जळतोस."

खोटं थोडंच होतं? तोंड फिरवून घरी आलो आणि चार दिवस गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

पाचव्या दिवशी सकाळी भावजय आली. "दादा, तळ्यातल्या बेटावरची अंडी कुत्र्यानं खाल्ली."

"पोहत गेला?"

"नाही हो, चालत."

तळं इतकं उतरलं होतं! मी उठलोच. बाबासमोर दोन ग्लास ठेवले, एकात झऱ्याचं पाणी, दुसऱ्यात भावजयीनं आणलेलं घरचं दूध. "दुपारपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

दुपारी दूध होतं तसंच. झऱ्याच्या ग्लासात वर नितळ पाणी आणि तळाला बोटभर पांढरी माती.

"ही मीच बांधाच्या पोटात भरलेली," मी म्हणालो. "तुम्ही बांध पिताय, बाबांनो! वर त्याला खरवडताय!"

"शंकेनं नासलं!" बाबा ओरडला.

"शंका तर दोन्हींवर घेतली," भावजय म्हणाली. "मग माझं दूध कसं धड राहिलं?"

लोक हसले. धाकटा नाही हसला. "दादा, घर वाचव रे."

बांधातली पाणी सोडायची मोरी उघडून तळं उतरवलं. झऱ्यावर वाळू, वाळूवर खडी, खडीवर दगड रचले. पाणी जाऊ द्यायचं, माती धरायची. बाटल्या आणलेल्यांनीच पाट्या उचलल्या. बाबा कधी सटकला कळलंच नाही. खुर्ची राहिली, ती धाकट्याचीच होती.

आता पाझरतं ते नितळ. बांध कुणाचा विचारलं, की धाकटा माझ्याकडे बोट दाखवतो. बदकं मात्र अजून त्याच्याच मागं धावतात, आणि मी अजून जळतो.

म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी अर्धा दिवस ग्लासात ठेवा. सांगणारा माझ्यासारखा जळका असेना का, तळाला काय बसलंय ते आपल्या डोळ्यांनी बघा.