पाव्हण्यायची मशीन

आमचे हे कचेरीतून रिटायर झाले आन् मग यायचे कानही रिटायर झाले. सन अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कृष्णकांतनं, आमच्या पोरानं, कानाची मशीन आणून दिली. डबी खिशात ठेवायची, तिची वायर कानात. यायनं दोन दिवस लावली आन् मंग फडक्यात गुंडाळून, डांबरगोळी टाकून, कपाटात माह्या शालूशेजारी ठेवून दिली. पाव्हणे आले की निघे, गेले की परत कपाटात. चांगली वस्तू घरच्या घरी काहून झिजवायची, म्हणे. काचेचे कप पाव्हण्यायचे, नवी सतरंजी पाव्हण्यायची, आता कानही पाव्हण्यायचे.

नुसतं ऐकू नसतं आलं तर मी सोसलं असतं. पण डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, तोल कानाच्या आतच राहते, मशीन लावा आन् जपून चाला. हे हसले. म्हणे, मी पारशिवनीले शेताच्या धुऱ्यावरून, एवढ्याशा बांधावरून पळणारा माणूस. रोज संध्याकाळी बादली घेऊन गच्चीवर चढत, रात्री झोपायच्या बाजा टाकायच्या आधी तापलेली फरशी थंड करायले. एक दिवस ओल्यावर घसरले. मी मांगून थांबा, थांबा म्हणून ओरडून राहिली होती, यायले पत्ताच नाही. हाड वाचलं, ढोपर फुटलं.

कृष्णकांत भडकला. आता एकदा जरी पडले तर गच्चीले कुलूप, बाबा खालीच झोपतीन, म्हणाला. नागपूरच्या मे महिन्यात खाली झोपायचं म्हणजे भट्टीतच की. यायचं तोंड एवढंसं झालं. मले राग तर होताच, पण यायची गच्ची सुटू नये असंही वाटे.

दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतलं लुगडं नेसली, डोक्यावर पदर घेतला, मागच्या दारानं निघून पुढच्या दाराची कडी वाजवली. कडी यायले ऐकू येणार नाही, हे माह्या डोक्यातच नाही आलं. बराच वेळ उभी राहिली बावळटासारखी. शेवटी खिडकीतून हात हलवला तेव्हा दार उघडलं.

मी खुणेनं सांगितलं, पाव्हणी आली, मशीन काढा. शेजारची सिंधूताई कुंपणावरून टक लावून पाहून राहिली होती, म्हणून यायनं मुकाट्यानं काढली. लावली.

मी खुर्चीवर ऐटीत बसली. "पाणी तरी विचारा पाव्हणीले."

हे माह्याकडे पाहतच राहिले.

"तुहा आवाज असा घोगरा कधी झाला वं?"

"तुमच्यासंगं बोलून बोलून," मी म्हटलं.

यायनं पाणी आणून दिलं, खरंच पाव्हणीले देतात तसं, काचेच्या गिलासात. मंग बादली उचलली. मशीन कपाटाकडे गेली नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून मांगं वळले.

"मांगून ये," म्हणाले. "थांबा म्हणशीन तं हळूच म्हण. मले ऐकू येते."