दाजींचं कार्ड

मी आरोग्य विम्याचं कार्ड बोलतोय. आवाज जरा बसलाय माझा, सांभाळून घ्या. एका कंपनीच्या ऑफिसात, ड्रॉवरच्या तळाशी, रबर बँडखाली पडून आहे. माझा एक कोपरा कात्रीने कापलाय. कोपरा कापला की कार्ड मेलं असं समजतात. मी अजून बोलतोय, म्हणजे कापणाऱ्याचा हात हलका असावा.

माझा जन्म यंत्रात झाला. बाहेर पडलो तेव्हा ऊन ऊन होतो. आमची चळतच्या चळत होती आणि प्रत्येकावर एकेका माणसाचा फोटो. सगळे असे बघत होते की नुकतंच कुणीतरी त्यांना झापलंय. माझ्यावर एक वेल्डर होता. घर सोडून परदेशात कामाला येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती. ठिणग्यांनी भुवया विरळ झालेल्या, डोळे कायम लालसर. कारकुनाने मला त्याच्या हातात दिलं आणि बजावलं, "हरवू नका. पासपोर्टच्या खालोखाल हेच."

त्याने मला फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बायकोला दाखवलं.

"काय काय बसतं हो यात?" तिने विचारलं.

"दवाखाना, ऑपरेशन, औषधं. दात बसत नाहीत. चष्मा बसत नाही. जुनं दुखणं बसत नाही."

"मग तुमचं बसण्यासारखं राहिलं काय?"

दोघंही पोट धरून हसले. त्याचे दात, डोळे, गुडघे, सगळंच जुनं होतं.

मोबाइलच्या कव्हरमागे माझा मुक्काम असायचा. खोलीत एकावर एक खाटा, खिळ्यांना टांगलेली हेल्मेटं, दोरीवर भोकं पडलेले शर्ट. आत चावी विसरून दार ओढून घेतलं की मला फटीत घालून लॅच उघडायचे. ओट्यावर वाळलेलं खरवडायला मी. टेबल डगमगलं की पायाखाली मी. सगळ्या खोलीने मला वापरून घेतलं. पण कुणाला ताप आला, की मात्र कार्डाला हात लावायचा नाही! डॉक्टरकडे गेलं की कागदावर 'अनफिट' लिहितात आणि घरी पाठवतात, अशी सगळ्यांची पक्की समजूत. बाम चोळायचा, गोळी गिळायची आणि कामावर जायचं. बरं करायला आलेल्या मला ही माणसं जन्मभर घाबरत राहिली. त्यानेच मी जास्त दमलो.

एकदाच काय ते मी माझं खरं काम केलं. वेल्डर कामावरच पोट धरून बसला, मुकादमाने त्याला उचलून दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स होतं. माझा नंबर टाकला, त्याच्या नावाची फाईल उघडली, ऑपरेशन झालं, आणि थोड्या दिवसांनी तो पुन्हा कामावर हजर. त्यानंतर लॅच उघडायला तो मला देईना.

पुढे बारक्या आला. बारक्या म्हणजे वेल्डरच्या बायकोचा धाकटा भाऊ, सुतार. बांधकामाला फळ्या ठोकायच्या कामावर. तो दुसऱ्या ठेकेदाराकडे होता, पण राहायला आमच्याच खोलीत, वेल्डरच्या, म्हणजे त्याच्या दाजींच्या, वरच्या खाटेवर. येताना बहिणीने नवऱ्याला सांगितलं होतं, "तुमच्या जिवावर पाठवतेय."

बारक्याच्या कार्डाची मुदत संपली होती. ठेकेदार म्हणायचा, होईल, होईल. दाजी टोचणी लावायचे, "अरे, मागे लाग त्याच्या." बारक्या म्हणायचा, "दाजी, मला काय धाड भरलीय?" आणि दंड फुगवून दाखवायचा.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याच्या पोटात कळ उठली. आधी वाटलं, शिळं खाल्लं असेल. मग उलट्या सुरू झाल्या. बारक्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन वळवळायला लागला आणि दाजींची पाचावर धारण बसली. कार्डाशिवाय गेलो तर दारातच अडवतील, या भीतीने त्यांनी मला कव्हरमागून काढलं आणि बारक्याच्या मुठीत कोंबलं.

"ऐक. आज तू मी आहेस. नाव विचारलं तर माझं सांगायचं. दोन गोळ्या देतील, इंजेक्शन देतील. संध्याकाळी परत."

"दाजी, पकडलं तर?"

"आपल्या दाढ्या सारख्याच वाढल्यात. कोण बघतंय?"

आणि खरंच, काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. नंबर टाकला, बारक्याला आत घेतलं. दाजींचा जीव भांड्यात पडला. बारक्याच्या घामाने भिजलेला मी मात्र मनात म्हटलं, हे काही खरं नाही. कारण नंबर टाकला की फाईल उघडते, आणि ती फाईल बारक्याची नव्हती.

डॉक्टरबाई आल्या. त्यांची भाषा वेगळी, पण सिस्टर आपल्याकडचीच निघाली, ती मधे उभी राहून सांगत होती. बाईंनी बारक्याच्या पोटाच्या उजव्या बाजूला बोटं दाबून सोडली. तो किंचाळला. त्यांनी पडद्यावर पाहिलं, परत पोटाकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"त्या म्हणतात, हे सगळं अपेंडिक्ससारखं दिसतंय," सिस्टर म्हणाली. "पण तुमचं अपेंडिक्स तर इथेच काढलंय. आणि ऑपरेशनची खूण कुठे गेली?"

बारक्याने डोळे मिटले. "पुसली गेली."

"हे सांगू मी त्यांना?" सिस्टरने हळूच विचारलं.

डॉक्टरबाईंना सांगायची गरज पडली नाही. त्या शांतपणे बोलल्या आणि सिस्टरचा चेहरा उतरला. "त्या म्हणतात, हा माणूस कोण आहे हे कळल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. रक्तगट, कोणतं औषध सोसत नाही, सगळं या फाईलमध्ये आहे. ही फाईल दुसऱ्याची असेल तर याचा जीव जाईल. आणि थांबायला वेळ नाही. आत फुटायच्या बेतात आहे."

दाजी पडद्याच्या कडेला उभे होते. त्यांना सगळं ऐकू आलं. बोललो तर नोकरी जाणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या वयात, ते गुडघे घेऊन, दुसरीकडे कोण उभं करणार होतं? त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मी बारक्याच्या उशाशी होतो, मला ते स्पष्ट दिसलं.

मग ते पडद्याच्या आत आले, पॅंटमध्ये खोचलेला शर्ट उपसला आणि वर केला.

"खूण इथे आहे, सिस्टर. कार्ड माझं आहे. हा माझ्या बायकोचा भाऊ. मीच त्याला खोटं बोलायला लावलं. त्याला वाचवा, मग मला काय करायचं ते करा."

डॉक्टरबाई वाकल्या, ती खूण त्यांनी निरखून पाहिली. काहीतरी पुटपुटल्या.

"त्या म्हणतात, टाके माझेच आहेत," सिस्टर म्हणाली. "आता याचं खरं नाव सांगा, लवकर."

बारक्याचं रक्त त्याच्या स्वतःच्या नावाने तपासलं गेलं आणि त्याला आत नेलं. मला काउंटरवरच्या मुलीने दोन बोटांत धरून उचललं, गटारातून निघालेली वस्तू धरावी तसं.

बारक्या वाचला. तो शुद्धीवर आल्यावर दाजींनी व्हरांड्यातून बायकोला फोन लावला. तोवर मला पाकिटात घालून त्यांच्याच हातात दिलं होतं, कंपनीत जमा करायला.

"अगं, ऐक. बारक्याचं ऑपरेशन झालं. बरा आहे तो."

"कसलं ऑपरेशन? आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता.

"म्हणजे नोकरी गेली."

"गेली म्हणूनच समज."

"तुम्ही गप्प बसला असतात तर?"

"तर तुला दुसराच फोन करावा लागला असता."

ती रडली. मग नाक ओढत म्हणाली, "त्याला खायला काय देतायत? तुम्ही जेवलात का?"

पुढे जे व्हायचं ते झालं. विमा कंपनीने मला बंद केलं, आणि दाजींच्या कंपनीने त्यांना. प्रकरण पोलिसात जायचं ते डॉक्टरबाईंमुळे थांबलं. या माणसाने वेळेवर खरं सांगितलं म्हणून रुग्ण जगला, असं त्यांनी लिहून दिलं. दवाखान्याने ठेकेदाराला बोलावून चांगलं धारेवर धरलं, तेव्हा बारक्याचं कार्ड एका दिवसात तयार झालं. होईल, होईल म्हणत ज्याला वर्ष लावलं होतं, ते एका दिवसात.

"दाजी, मी जातो घरी," बारक्या म्हणाला. "तुम्ही राहा."

"अरे, ही काय बसमधली जागा आहे? ऊठ, थोडं चाल. टाके ओढतायत का बघ."

दाजींच्या जाण्याच्या दिवशी कारकुनाने माझा कोपरा कापला. दाजींनी विचारलं, "हे मी ठेवू का?" कारकून म्हणाला, "नियमात नाही." दाजींनी मान हलवली, फोटोवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि मला टेबलावर ठेवून निघाले. जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होते. तिकडे घरी त्या गुडघ्यांसाठी कुठलं कार्ड असेल का, देव जाणे.

मला फार काही मागायचं नाही. तुमचं कुणी दूरदेशी कामाला असेल, तर जेवलास का विचारून झाल्यावर एवढं विचारा, की तुझ्या नावाचं कार्ड चालू आहे ना? आहे म्हणाला, तर दाखव म्हणा. चिडला तरी दाखव म्हणा. आणि दुखायला लागलं तर त्याला ते वापरू द्या, घाबरवू नका.

कोपऱ्यात जुनी कार्डं कापून पट्ट्या करायचं यंत्र सुरू झालंय. आमच्या गठ्ठ्याचा रबर बँड कुणीतरी काढतंय. निघताना येतो म्हणायची आपली रीत आहे, पण मी काही यायचा नाही. जरा पडतो आता.