भुलभुलैयातली पाचवी चाल

दातांची डॉक्टर अंघोळ करून केस पुसत बाहेर आली, तर तिच्या लॅपटॉपवर हिरवी खूण! आठवडाभर दाद न देणारं कोडं सुटलं होतं. आणि समोर नवरा बसला होता, बक्षीस जिंकल्यासारखा.

"कोणी सोडवलं?"

"अगं, एकच ओळ राहिली होती. म्हटलं, तुला खूश करावं."

आता प्रोग्राम लिहिणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. हिने मात्र पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शून्यापासून शिकून एका साइटवरची कोडी एकेक करून फोडली होती, त्याला एकदाही न विचारता. सासूबाई म्हणायच्या, "घरात जाणकार बसलाय, विचार की!" ही नुसती हसायची. प्रत्येक हिरवी खूण तिची स्वतःची होती. आजपर्यंत.

कोडं होतं भुलभुलैयाचं. त्यातली दारं उघडमीट करतात, आणि कमीत कमी चालींत बाहेर पडायचं. तिचा प्रोग्राम चारी दिशांना धावून बंद दारावर आपटायचा. नवऱ्याने त्या चार दिशांखाली पाचवी चाल लिहिली होती: जागच्या जागी थांबणे.

ते वाचलं आणि मंडळी, बाईंचं डोकं जे फिरलं!

"थांबणं हीसुद्धा चाल असते, एवढं कळतं ना तुला? मग तुला का थांबता आलं नाही? नळ सुरू झाला की लागलास कामाला, चोरा!"

"चोर काय! मदत केली मी."

"मी कुणाच्या तोंडात किडका दात शोधतेय आणि तू मधेच येऊन तो उपटलास, तर ती मदत? अरे, हाताशी आलं होतं माझ्या!" रडू येतंय याचाही तिला संताप आला.

सासूबाई आतून म्हणाल्या, "सुटलं ना? मग भांडता कशाला?"

"आई, तुमच्या वाट्याची प्रार्थना मी परस्पर उरकली तर चालेल तुम्हाला?"

मग सासूबाई मुलावर कडाडल्या, "गाढवा, हात लावलासच कशाला?"

नवरा वरमला. "ती ओळ काढून टाकतो. होतं तसं करून देतो."

"आणि माझ्या डोक्यातून कशी काढशील?"

लॅपटॉप काखेत मारून ती खाली आपल्या दवाखान्यात गेली, आतून कडी घातली, आणि रुग्णांच्या खुर्चीत बसून पुढचं, याहून अवघड कोडं उघडलं.

नवरा बाहेर पायरीवर टेकला. आत बटणं बडवली जात होती. बऱ्याच वेळाने आवाज आला, "चुकलं!"

त्याने तोंड उघडलं.

"एक अक्षर बोललास तर याद राख!"

त्याने ओठ मिटले. आत बटणं पुन्हा वाजू लागली.