शिंपल्यांना गुलाबाचा वास

ताईंच्या लाँड्रीतून निघालेली चादर डोळे दिपवायची. गावातली तिन्ही हॉटेलं धुणं त्यांच्याकडेच टाकायची, आणि पावडरीच्या बाबतीत ताई कधी हात आखडता घेत नसत. मशिनच्या काचेआड भरपूर फेस दिसला नाही, तर त्यांना कपडे धुतल्यासारखंच वाटेना. गुलाबाच्या वासाची पावडर त्या पोत्यांनी आणायच्या. धुण्याचं पाणी मागच्या पाइपातून खाडीत जाई. पुढे ते कुठे जातं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. जातंय ना, मग झालं.

पुढे ते त्यांच्या धाकट्या भावाकडे जात होतं. पाइपाच्या खालच्या अंगाला तो खाडीत दोर सोडून शिंपल्या वाढवायचा. शिंपली बारीक तंतू काढून दोराला घट्ट धरून राहते. पण हॉटेलांचं धुणं वाढत गेलं, तशा गेल्या वर्षभरात त्या धरेनाशा झाल्या. दोर वर ओढला की निम्म्या गळून पडायच्या, उरलेल्यांतल्या कितीतरी पोकळ निघायच्या. काठाला मात्र गुडघाभर पांढराशुभ्र फेस.

तो नगर समितीच्या अध्यक्षांकडे गेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"फेस येतोय ना? मग पाणी स्वच्छच असणार," ते म्हणाले. "घाणीला कधी फेस आलेला पाहिलाय? उलट तुमच्या शिंपल्या फुकटात धुऊन निघतायत."

त्याच महिन्यात समितीने ताईंना स्वच्छतेचं मानपत्र दिलं. भावाचं रडगाणं ताईंनी ऐकलं होतं, पण "तुझं आपलं काहीतरीच" म्हणून उडवून लावलं होतं. मानपत्राच्या आनंदात त्यांनी अध्यक्षांना घरी जेवायला बोलावलं. भावजयीने उरल्यासुरल्या शिंपल्या उकडून आणल्या.

झाकण निघालं आणि ताईंचा हात जागीच थांबला. बारा वर्षं नाकात बसलेला गुलाबाचा वास होता तो.

"वहिनी, यात काय घातलंस गं?"

"नुसतं मीठ, वन्सं."

"काय सुवास आहे," अध्यक्ष दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले. "आमच्याकडे असा कधी येत नाही."

ताईंनी एक शिंपली तोंडात टाकली, आणि पाहुण्यांसमोर थुंकता येईना म्हणून गिळली.

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्यांदाच मागच्या पाइपाशी जाऊन उभ्या राहिल्या. भाऊ शेजारी होता.

"शिंपली दिवसभर पाणी गाळत बसते, ताई," तो म्हणाला. "तू सोडशील ते सगळं तिच्या पोटात."

ताईंनी पाइप शुद्धीकरण केंद्राकडे जाणाऱ्या गटाराला जोडून घेतला, बिनवासाची पावडर आणली आणि माप पाव हिश्श्यावर आणलं. चादरी तितक्याच पांढऱ्या निघाल्या, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. इतकी वर्षं बाकीची पावडर नुसती खाडीला घातली होती म्हणायची.

हॉटेलच्या मॅनेजरने उशीच्या अभ्र्याला नाक लावलं. "स्वच्छ आहे, ताई. पण स्वच्छ वाटत नाही."

पंधरा दिवसांत तिन्ही हॉटेलं गेली. समितीनेही माणूस पाठवून मानपत्र फ्रेमसकट परत नेलं आणि खाडीच्या वरच्या अंगाला निघालेल्या नव्या लाँड्रीला दिलं. ताईंकडे घरगुती धुणं तेवढं उरलं. भावाच्या दोरांवर मात्र नवी शिंपली धरू लागली होती. तो रोज येऊन सांगायचा, आणि ताई वरवर कुरकुरत पुन्हा पुन्हा विचारायच्या.

मग एके सकाळी काठाला पुन्हा फेस आला, या खेपेला मोगऱ्याच्या वासाचा.

"तू जा," भाऊ म्हणाला. "तुमच्या धंद्याची भाषा माझ्याहून तुला बरी येते."

नव्या लाँड्रीवाल्याने त्यांना पाहताच खुर्ची पुढे केली. "बरं झालं आलात, ताई. सगळं गाव तुमच्या फेसाचं नाव काढतं. माझा काही तेवढा होत नाही. माप काय ठेवायचात?"

ताई खुर्चीत नीट बसल्या.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पण आधी तुमचं पाणी कुठे जातं, ते दाखवा."