वायरमनच्या घरची मुकी बेल

मित्रांनो, बटण दाबून जिन्याच्या कोपऱ्याआड पळून जायचा खेळ तुम्ही कधी ना कधी खेळला असाल. तेव्हा त्या बेलला काय वाटतं, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आज मीच बोलते. मी दारावरची एक जुनी बेल आहे. माझं बटण दाराबाहेर आणि आवाजाची पेटी आत बैठकीच्या खोलीत, त्यामुळे मला दोन्हीकडचं कळतं. असा मान घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूला नाही, टीव्हीलासुद्धा नाही.

माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे, दोन पितळी पट्ट्या आहेत आणि त्यांच्यावर टकटक करणारी एक छोटी दांडी आहे. कारखान्यातून निघाले ती थेट दुकानात आले आणि चिमणीचा आवाज काढणाऱ्या बेलच्या शेजारी धूळ खात पडले. गिऱ्हाइकं तिलाच उचलायची. मग एक दिवस एक वायरमन आला. त्याने नुकतंच बँकेचं कर्ज काढून घर घेतलं होतं. दुकानातली प्रत्येक बेल त्याने वाजवून पाहिली आणि मला हातात धरून म्हणाला, "हिचा आवाज गोड आहे, पण लाडिक नाही." तेव्हापासून मी त्या माणसावर खूश आहे.

घरातली सगळी वायर त्याने स्वतः घातली. वायरचं मोकळं टोक कुठे ठेवावं लागलं, तर तो ते दुमडायचा आणि त्यावर काळी टेप अशी नीट गुंडाळायचा की बघत राहावं. त्याची बायको हसायची. "कपड्यांच्या घड्या घाला म्हटलं की ह्यांची कंबर धरते, आणि वायरींचे लाड बघा." ती औषधांच्या दुकानात काम करायची. त्यांची मुलगी टाचा उंचावून माझ्या बटणापर्यंत पोचली, त्या दिवशी तिने मला इतकं वाजवलं की माझा घसा बसायचा राहिला.

मग वायरमन शिडीवरून पडला. उजवा हात मोडला, प्लास्टर चढलं आणि काम बंद झालं. बायकोच्या पगारात घरखर्च कसाबसा भागायचा. घराचा हप्ता भरणं त्याच्याकडे होतं. हप्ते थकू लागले, पण वायरमनने घरात ब्र काढला नाही. बँकेचा फोन आला की तो फोन पालथा घालून ठेवायचा.

एका दुपारी बायको कामावर असताना तो स्टुलावर चढला. डाव्या हाताने त्याने माझं झाकण काढलं. मला वाटलं, आज आपली साफसफाई होणार. त्याने माझ्या दोन्ही वायरी सोडवल्या, झाकण परत लावलं आणि खाली उतरला. मी मुकी झाले.

त्यानंतर थकलेल्या हप्त्यांचं विचारायला बँकेच्या एक बाई आल्या. पायात साध्या चपला, खांद्याला जड पिशवी. त्यांनी माझं बटण दाबलं, थांबल्या, पुन्हा दाबलं. त्यांचं बोट मला कळत होतं, पण आत काही सांगता येत नव्हतं. मग त्यांनी दार ठोठावलं. आत वायरमनने टीव्हीचा आवाज बंद केला आणि मुलीला ओठांवर बोट ठेवून खूण केली.

"बाबा, आपण लपाछपी खेळतोय का?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"मग राज्य कोणावर आहे?"

त्याने पुन्हा ओठांवर बोट ठेवलं. बाई निघून गेल्या. पुढेही त्या येत राहिल्या आणि प्रत्येक वेळी तशाच परत गेल्या. मला फार वाईट वाटायचं.

बायको रोज कुरकुरायची, "अहो, लोकांच्या घरची बेल दुरुस्त करता, आपली कधी?" तो म्हणायचा, "बघू सवडीने." शेवटी दुकानातून तिला सुट्टी होती, त्या सकाळी तीच स्टुलावर चढली. झाकण काढलं आणि तिचा हात थांबला. दोन्ही वायरींची टोकं दुमडलेली होती आणि त्यांवर काळी टेप नीट गुंडाळलेली होती. बिघडलेल्या बेलची वायर अशी नसते, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

ती खाली उतरून त्याच स्टुलावर बसली. "कोणाला आत येऊ द्यायचं नव्हतं तुम्हाला?"

मग त्याने सगळं सांगितलं. "वाटलं, हात बरा झाला की भरून टाकू. तुला कळायलाही नको."

"घर दोघांच्या नावावर, आणि घाबरायचं तुम्ही एकट्याने?" ती रडलीही आणि रागावलीही. मग तिने बँकेत फोन लावला. त्याच सकाळी तिने टॉर्च धरला आणि त्याने डाव्या हाताने माझ्या वायरी जोडल्या.

बँकेच्या बाई आल्या आणि चहा घेत सांगू लागल्या. "काही महिने नुसतं व्याज भरता येतं. कर्जाची मुदत वाढवली की हप्ता लहान होतो, एकूण व्याज मात्र जास्त जातं. एखादी खोली भाड्याने देता येईल. अगदीच जमेना, तर वेळेवर स्वतः घर विका, लिलावाची वाट बघू नका. फक्त हे कर्ज फेडायला दुसरं महागडं कर्ज काढू नका. आणि बोलत राहा. दार लावून बसलात की फाइल लिलावाकडे सरकते, मग माझ्याही हातात काही उरत नाही."

नवरा-बायकोने मुदत वाढवायचा अर्ज केला आणि मागची खोली भाड्याने द्यायचं ठरवलं. वायरमन हिशेब करून म्हणाला, "म्हातारा होईपर्यंत फेडत बसणार मी."

"बसा की. स्वतःच्या घरात बसून फेडा," बायको म्हणाली. कितीतरी दिवसांनी तो हसला.

अर्ज मंजूर होईल की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. ते दिवस फार लांबले. मग एका दुपारी मी वाजले. सवयीने बाप-लेक जागच्या जागी गप्प झाले. वायरमन उठला. प्लास्टर निघालेल्या हाताची बोटं अजून नीट वळत नव्हती, तरी त्याच हाताने त्याने कडी काढली.

"या," तो म्हणाला, "आत या."

"मंजूर झालंय," बाई दारातूनच म्हणाल्या. "दोघांच्याही सह्या लागतील."

मित्रांनो, मला रंग देऊ नका, पुसूही नका, चालेल. तुमच्या घरातलं मोठं माणूस बेल वाजली की दचकत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि काय झालं ते विचारा. ते घर वाचवायला आलेलं माणूस दाराबाहेर ताटकळत होतं, आणि ते माहीत असूनही मला सांगता येत नव्हतं. तुम्हाला तर बोलता येतं.