नळापाशीची नानेटी

बाईंनी छत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी पोरांकडून एक वाक्य घोकून घेतलं: साप दिसला की आधी हात मागे, मग डोळे उघडे, आणि तोंड बंद. त्यांच्या घरामागच्या बागेत नळापाशी कायम ओल असे. ओलीला बेडूक येत आणि बेडकांमागे नानेट्या. तपकिरी अंग, पाठीवर दोन पिवळे पट्टे, लांबी जेमतेम हातभर. बाई अख्खा वर्ग तिथे आणायच्या, नानेटी अलगद मनगटावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हिच्या तोंडात विष नाही. तुमच्यातल्या काहींचं मी सांगू शकत नाही."

त्यांचे यजमान मात्र दोरी वळवळली तरी उडी मारणारे. त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. सगळे त्यांना बाइंडर म्हणत, म्हणून बाईही तेच म्हणू लागल्या. बाई नानेटी हातात घेऊन बोलावत, "खाली या की, बाइंडर." ते मागच्या पायरीवरूनच उत्तर देत, "मी इथे सुखात आहे."

दोन वर्षांपूर्वी बाई विसरू लागल्या. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. बाइंडरनी दुकान बंद केलं, पुस्तकं शिवायची लाकडी चौकट घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून छापील पानांचे फर्मे शिवता शिवता एक डोळा बाईंवर ठेवू लागले.

त्या दिवशी अकराच्या सुमारास बाई बागेत खुर्चीवर बसल्या होत्या. एकाएकी त्यांची किंकाळी ऐकू आली.

"साप! अहो, मारा त्याला कोणीतरी!"

बाइंडर खळीने माखलेल्या हातांनीच धावले. बाई खुर्चीवर उभ्या होत्या आणि खुर्ची डगमगत होती. नळापाशी एक नानेटी अंग आखडून पडली होती, तीही घाबरलेली.

बाइंडर आज पायरी उतरले. "अगं, नानेटी आहे ती. गरीब बापडी. तुझीच आहे."

"माझी? मला चावायला आलीय ती! मारा!"

त्यांनी बाईंना धरायला हात पुढे केला, तर बाईंनी तो झिडकारला. तेवढ्यात शेजारचा वायरमन फावडं घेऊन कुंपणावरून उडी मारून आला. चाळिशीचा गडी, बाईंचाच विद्यार्थी. बाईंनी त्याला दोनदा नापास केलं होतं, तरी तो त्यांच्यावर जीव टाकायचा. साप पाहताच तो थबकला.

"काका, ही तर नानेटी."

"माहीत आहे रे."

"उभा काय राहिलास?" बाई ओरडल्या. तोच वर्गातला आवाज. "मार म्हटलं ना!"

वायरमनने बाइंडरकडे पाहिलं. नको म्हणायला एक क्षण पुरला असता. पण बाईंचे ओठ पांढरे पडले होते, खुर्ची अजून डगमगत होती. बाइंडरनी मान खाली घातली. फावडं एकदाच पडलं.

बाई शांत झाल्या. वायरमनचा हात धरून खाली उतरल्या. तो नानेटी फावड्यावर घेऊन निघाला, तेव्हा म्हणाल्या, "थांब. बघू."

त्यांनी चष्मा सारखा केला, खाली वाकून पिवळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, मग पोट हलकेच चाचपलं. "नानेटी आहे. पोटात अंडी होती हिच्या." त्यांनी वर पाहिलं. "कोणी मारली हिला?"

वायरमनच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, मी..."

"मी मारली," बाइंडर म्हणाले.

"तुम्ही?"

"भ्यालो मी."

"एवढी वर्षं माझ्याबरोबर काढलीत आणि एवढंही शिकला नाहीत, बाइंडर?" बाईंचे डोळे भरून आले. "चावायला दात नाहीत हिला धड. हिने काय केलं होतं तुमचं? आणि तू रे, सातवी ब, शेवटचा बाक! तू तरी अडवायचंस त्यांना."

वर्षभरात बाई एवढं सलग बोलल्या नव्हत्या. वायरमन तोंड फिरवून रडू लागला. बाइंडर उभ्या उभ्या सगळं ऐकत राहिले. एकही शब्द त्यांनी निसटू दिला नाही.

नानेटी कुंपणाशी पुरली. दुपारी बाईंनी ताट बाजूला सारलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसल्या. असा अबोला लग्नानंतर पहिल्याच वर्षी एकदा झाला होता. तेव्हा बाइंडरना तो नकोसा झाला होता. आज त्यांना वाटलं, हा राग उद्यापर्यंत तरी टिकावा. रागावायला तरी ती मला ओळखते आहे.

दिवेलागणीला बाई त्यांच्या शिवणीच्या चौकटीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तुमचं दुकान बंद व्हायची वेळ झाली असेल. मला घरी जायचंय. आमचे हे वाट बघत असतील."

बाइंडरनी सुई फर्म्यात तशीच ठेवली. "त्यांच्यावर रागावलात ना तुम्ही सकाळी?"

"सकाळी?" बाई संकोचून हसल्या. "सकाळी काय झालं?"

"काही नाही. चला, सोडतो तुम्हाला घरी."

त्यांनी बाईंच्या खांद्यावर शाल घातली आणि मागच्या दाराने त्यांना बाहेर नेलं. गल्लीला वळसा घातला. वाटेत बाई बेताचं, परक्या माणसाशी बोलावं तसं बोलत होत्या. मग बाइंडरनी आपल्याच घराचं पुढचं दार किल्लीने उघडलं आणि बाजूला होऊन त्यांना आधी आत जाऊ दिलं.